नदीपलीकडे जा

कृष्णेच्या एका काठावर भिलवडी, दुसऱ्या काठावर औदुंबर. दोन्ही गावं सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातली. भिलवडीच्या बाजूला भुवनेश्वरीचं देऊळ, औदुंबरला दत्ताच्या पादुका, आणि मधे फक्त नदी. या दोन देवस्थानांना जोडणारी एक कथा गुरुचरित्राच्या सतराव्या अध्यायात आहे. पारायणाला बसणाऱ्यांना ती पाठ असते. एरवी मात्र ती एक चमत्कार म्हणून सांगितली जाते आणि तिथंच सोडून दिली जाते.

करवीरचा एक ब्राह्मणाचा मुलगा. बाप मोठा विद्वान, पण तो लवकर गेला. पोराला काही केल्या पाठांतर येईना. मुंज झाली, वर्षं गेली, गाव हिणवू लागलं. मुलानं घर सोडलं आणि तो भिलवडीला येऊन देवीच्या दारात धरणं धरून बसला. तीन दिवस अन्न नाही, पाणी नाही. देवी काही बोलेना, तेव्हा वैतागाच्या भरात त्यानं स्वतःची जीभ कापून तिच्या पायांवर ठेवली आणि उद्या शीरही वाहीन म्हणाला. त्या रात्री देवी स्वप्नात आली. पैलतीरावर औदुंबराखाली एक यती बसला आहे, त्याच्याकडे जा, एवढंच तिनं सांगितलं. सकाळी मुलगा नदी ओलांडून गेला. तिथं दत्ताचा अवतार मानले गेलेले नृसिंहसरस्वती होते. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पुढचा चमत्कार ठाऊकच आहे: जीभ परत आली, विद्याही आली.

या कथेतली देवी काय करते ते नीट पाहायला हवं. ती त्याला आणखी तीन दिवस बसायला सांगत नाही. कुठलं नवं व्रत, नवा नियम त्याच्या गळ्यात घालत नाही. त्यानं दिलेल्या त्या भयंकर नैवेद्याबद्दल ती त्याला शाबासकीही देत नाही. ती बोलते ती त्याचा डोळा लागल्यावर, मोजक्या शब्दांत, आणि त्याला पाठवते एका जित्याजागत्या माणसाकडे. देवाच्या दारात बसून पार संपून गेलेल्या भक्ताला मिळालेला हा सल्ला आहे.

असे संपून गेलेले लोक आजही गावोगावी आहेत. त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही, कारण देवाच्या कामाचा कंटाळा आला हे बोलायचीच चोरी असते. पहाटेची काकडआरती वर्षानुवर्षं न चुकवणारा पुजारी. सप्ताहांच्या हंगामात रोज नव्या गावी उभा राहणारा कीर्तनकार. देवस्थानाचे हिशेब, वर्गणी, भांडणं आणि महाप्रसाद एकट्याच्या डोक्यावर घेतलेला विश्वस्त. रविवारची उपासना, लग्नं, अंत्यविधी आणि आजाऱ्यांच्या भेटी सांभाळणारा चर्चचा पाळक. आणि घरचा स्वयंपाक उरकून भंडाऱ्याच्या पोळ्या लाटायला जाणाऱ्या, भजनी मंडळ चालवणाऱ्या बायका, ज्यांच्या कामाला सेवा म्हणतात पण ज्यांची सुट्टी कुणी मोजत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचा पूर आला तेव्हा याच लोकांनी आधी देवाचं सामान उंचावर हलवलं, मग गावासाठी चुली पेटवल्या. पूर ओसरला, गाळ निघाला, आरत्या पुन्हा सुरू झाल्या. गावाच्या लेखी सगळं पूर्ववत झालं. त्यातल्या एखाद्याचं मन मात्र परत आलं नाही.

तो आरती करतो, पण आरती त्याला लागत नाही. भाविकांच्या अडचणी ऐकताना आत चीड येते. आपण एवढं केलं त्यातून काय झालं, हा प्रश्न रात्री उशाशी येऊन बसतो. आणि या सगळ्याची लाज वाटते ती वेगळीच.

या अवस्थेला शास्त्रीय साहित्यात नाव मिळालं ते १९७४ साली. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे न्यूयॉर्कमधले मानसतज्ज्ञ दिवसभर आपला दवाखाना चालवत आणि संध्याकाळी गरिबांसाठीच्या मोफत दवाखान्यात राबत. तिथले स्वयंसेवक महिन्या-दोन महिन्यांत नव्हे, पण वर्षभरात विझत जाताना त्यांनी पाहिले. ते स्वतःही विझले. त्यावर त्यांनी 'बर्नआउट' हा शब्द वापरून लेख लिहिला. आज हा शब्द आयटी कंपन्यांच्या संदर्भात जास्त ऐकू येतो, पण त्याचा जन्म मनापासून सेवा करणाऱ्यांमध्ये झाला, पगारासाठी राबणाऱ्यांमध्ये नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती आटणं, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याबद्दलच मन कोरडं होणं, आणि आपल्या हातून काही घडत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली याची नोंद केली ती कामाशी निगडित अवस्था म्हणून, आजार म्हणून नव्हे. अडचण अशी की देवळातल्या सेवेला काम म्हणायला कुणी तयार नसतं. म्हणून तिला रजाही नसते.

आपल्या परंपरेत मात्र रजेची सोय होती. ती इतकी रोजची आहे की नजरेत भरत नाही.

अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवायची नसते. पण ती एकाच माणसाच्या गळ्यात राहत नाही. पहारे लावलेले असतात. आपला पहारा संपला की विणेकरी पुढच्याच्या पाया पडतो, पुढचा त्याच्या पाया पडतो, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते आणि पहिला घरी जाऊन झोपतो. मध्यरात्री दोन वाजता वीणा सोपवून निघालेल्या माणसाला कुणी कच्चा भक्त म्हणत नाही. अनेक देवस्थानांत पुजाऱ्यांच्या घराण्यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात, त्याही याच शहाणपणाच्या. मानाचे आणि उत्पन्नाचे वाद त्या पाळ्यांना पुढे चिकटले हे खरं. तरी मुळात अखंड राहायची ती पूजा, पुजारी नव्हे, हे त्या ज्यांनी लावल्या त्यांना कळलेलं होतं. गेल्या काही दशकांत घराणी पांगली, तरुण मंडळी पुण्या-मुंबईला गेली, आणि चार जणांच्या पाळ्या एकावर आल्या. थकव्याचं एक कारण इतकं साधं आहे.

खुद्द औदुंबरचं दैवत एका जागी थांबलेलं नाही. नृसिंहसरस्वतींनी औदुंबरला एक चातुर्मास काढला, मग नरसोबाच्या वाडीला बारा वर्षं राहिले, मग गाणगापूरला गेले. वाडी सोडताना तिथले भक्त रडले, अशी परंपरेची आठवण आहे. त्यांनी पादुका मागे ठेवल्या आणि ते निघाले. लोकांना गरज आहे, म्हणून आपण जागेवरून हलूच नये, हे गणित दत्त संप्रदायाच्या या गुरूनंच मानलेलं दिसत नाही.

त्याच परंपरेतले वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी. जन्म १८५४ चा, गाव कोकणातलं माणगाव. १८८३ साली त्यांनी तिथं दत्तमंदिर उभं केलं. देवापुढं आलेलं त्याच दिवशी खर्चून टाकायचं, उद्यासाठी काही ठेवायचं नाही, असा तिथला दंडक. गर्दी वाढली, नाव झालं. मग १८८९ मध्ये ते पत्नीला घेऊन गाव सोडून निघाले. कारण एकच सांगितलं जातं: दत्ताची आज्ञा झाली. मंदिर, मान, जमलेली माणसं, सगळं जिथल्या तिथं राहिलं. पुढे पत्नीच्या निधनानंतर त्यांनी संन्यास घेतला आणि १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला देह ठेवेपर्यंत ते पायी हिंडत राहिले. 'आज्ञा' हा शब्द या भागातल्या दत्तभक्तांच्या तोंडी अजून आहे. आज्ञा झाली म्हणजे ढगातून आवाज आला असं कुणी म्हणत नाही. पुष्कळदा ते आत बराच काळ हलत असलेलं काहीतरी असतं, आणि एके दिवशी ते निमूटपणे स्थिरावतं.

या आतल्या स्थिरावण्याची दोन उदाहरणं एकाच वर्षी, एकाच जिल्ह्यात सापडतात. वर्ष १९१७, जिल्हा सातारा. भिलवडीचा भागही तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडत असे.

पहिलं उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरची वीसेक वर्षं अमेरिकन मराठी मिशनच्या कामाला दिली. अहमदनगरला शिकवणं, 'ज्ञानोदया'चं संपादन, प्रवचनं, शेकडो भजनं, आणि शिवाय घरात कायम माणसांचा राबता. ख्रिस्त मराठी माणसाच्या अंगणात मराठी होऊन यावा, टाळ-मृदंगाच्या नादात यावा, ही त्यांची ओढ होती. मिशनचा पगारी नोकर म्हणून ते जमेना. परदेशी संस्थेच्या पैशावर उभं राहून आपल्या माणसांना ख्रिस्त सांगायचा, ही गोष्ट त्यांना वर्षानुवर्षं टोचत राहिली. १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आतून आलेली हाक मानून त्यांनी मिशनचा राजीनामा दिला, संन्याशाची वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्याला बिऱ्हाड हलवलं. तिथं त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र बसावेत अशी कल्पना होती. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईत वारले.

टिळक ख्रिस्ताची सेवा सोडत नव्हते, फक्त तिचा साचा सोडत होते. थकलेल्या सेवेकऱ्याला हा फरक शोधून पाहण्यासारखा आहे. देवावरचं मन उडालं असं तो सांगतो तेव्हा पुष्कळदा त्याचं मन उडालेलं असतं ते समितीवरून, वर्गणीवरून, देवाभोवती उभ्या राहिलेल्या दगदगीवरून. देव तिथंच असतो.

आणि इथं टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आठवण काढणं भाग आहे. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं त्यांना ठाऊक आहे की टिळकांच्या प्रत्येक ओढीची झळ आधी चुलीला लागायची. पगार सुटला की घर कशावर चालणार, हा प्रश्न आतल्या हाकेला पडत नाही, घरातल्या बाईला पडतो. आपल्या संतकथांमध्ये अशा बायकांना भांडखोर ठरवून मोकळं व्हायची सवय आहे. ती सोडलेली बरी. आतून आलेली दिशा खरी असेल तर ती घरच्यांच्या प्रश्नांना तोंड देऊ शकते. किंबहुना घरचे प्रश्न हीच तिची पहिली परीक्षा.

दुसरं उदाहरण साताऱ्याच्याच वाईचं. विनोबा १९१६ च्या जूनमध्ये गांधीजींना भेटले आणि आश्रमात दाखल झाले. जेमतेम वर्ष झालं होतं. प्रकृती खालावलेली आणि वेदान्ताच्या अभ्यासाची तहान जिवंत. एकवीस-बावीस वर्षांच्या या तरुणानं गांधीजींकडे एक वर्षाची रजा मागितली आणि तो वाईला प्राज्ञपाठशाळेत आला. नारायणशास्त्री मराठे, जे पुढे केवलानंद सरस्वती झाले, यांच्याजवळ तो शिकला. १९१८ च्या फेब्रुवारीत त्यानं गांधीजींना सविस्तर पत्र लिहून वर्षाचा हिशेब दिला: काय वाचलं, काय शिकवलं, किती चाललो, किती गड पाहिले, काय खाल्लं, तब्येत कशी आहे. वर्ष भरल्यावर, ठरल्या दिवशी, तो आश्रमात हजर झाला.

टिळक बाहेर पडले आणि परतले नाहीत. विनोबा बाहेर पडले ते परतण्यासाठी. दोघांनीही आतलं ऐकलं. म्हणजे आतला आवाज नेहमी सोड म्हणतो असं नाही, आणि नेहमी चिकटून राहा म्हणतो असंही नाही.

विनोबांच्या आयुष्यात हे पुन्हा घडलं. १९५१ पासून तेरा वर्षं ते भूदानासाठी देशभर पायी चालले. मग ७ जून १९६६ रोजी, गांधीजींच्या पहिल्या भेटीला बरोबर पन्नास वर्षं होत असताना, त्यांनी 'सूक्ष्म प्रवेश' जाहीर केला. बाहेरच्या चळवळीचा भार उतरवायचा आणि आतल्या कामाकडे वळायचं, असा त्याचा अर्थ. कार्यकर्ते अस्वस्थ झाले. मोठं काम अर्धवट असताना नेत्यानं आत वळणं पुष्कळांना रुचलं नाही, आणि त्यांचं म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नाही. पण विनोबा दमून पळाले असं म्हणता येत नाही. त्यांनी तारीख निवडली, नाव दिलं, सगळ्यांना सांगितलं.

थकव्याचा आवाज कोणता आणि आतली दिशा कोणती, हे ओळखायचं कसं? दोन्ही एकाच तोंडानं बोलतात, म्हणून गफलत होते. पतंजलींनी योगसूत्रांत साधनेच्या नऊ अडथळ्यांची यादी दिली आहे. तिच्यात सर्वांत आधी येते व्याधी. देहाचं दुखणं. आळस, संशय आणि भ्रांतिदर्शन त्याच्या मागून येतात. हा क्रम सहज पडला असेल असं वाटत नाही. हजारो मैल दूरच्या बायबलमध्येही तेच सापडतं. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलिया हा संदेष्टा एका झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. त्यानंतर चाळीस दिवस चालून तो डोंगरावर पोचतो, आणि तिथं वादळ, भूकंप, अग्नी हे सगळं होऊन गेल्यावर एक अगदी मंद वाणी येते. आधी भाकर, मग वाणी.

म्हणून पहिली गोष्ट साधी. झोप पुरी न झालेल्या माणसानं आतल्या आवाजावर कुठलाही मोठा निर्णय घेऊ नये. सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश संतानं आपल्या साधकांना हेच बजावलं होतं: मन अंधारलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. उजेड होईपर्यंत थांबायचं. थकव्याच्या आवाजाला घाई असते. आत्ताच्या आत्ता राजीनामा, आत्ताच्या आत्ता भांडण. आतली दिशा महिनाभर थांबवली तरी ती तशीच राहते, कडवट होत नाही, आणि चारचौघांना सांगताना तिला लपावं लागत नाही. ती बहुधा छोटी असते. एक रविवार गावाला जा. हिशेबाची वही दुसऱ्याकडे दे. अमक्याशी बोल.

अशी थोडी माघार कामाच्या आड येत नाही. समर्थ रामदासांनी मठांचं केवढं जाळं विणलं! पलूसच्या वरच्या अंगाला कृष्णेच्या बेटावर बहे गावी त्यांच्या अकरा मारुतींपैकी एक आहे. पण हा संघटक पुन:पुन्हा घळींमध्ये जाऊन बसत असे. शिवथरच्या घळीचं नाव सर्वांना माहीत आहे. माणसांत राहणाऱ्याला एकांत लागतो, हे त्यांनी शिष्यांनाही सांगितलं.

आणि आवाज आलाच नाही तर? हा प्रश्न टाळून चालणार नाही. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत मदर तेरेसांना गरिबांमध्ये जाऊन राहण्याची हाक ऐकू आली. त्यानंतर जवळजवळ उरलेलं सगळं आयुष्य त्यांच्या आत देवाची चाहूल लागली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा जग चकित झालं. पण ती पत्रं कुणाला तरी लिहिलेली होती, हे विसरता येत नाही. आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना त्या हा अंधार सांगत होत्या. त्यांनी एकटीनं तो वाहिला नाही.

भिलवडीच्या देवीनं त्या मुलाला माणसाकडेच पाठवलं होतं. आजच्या पैलतीरावरचा तो माणूस गुरू असेल, जुना मित्र असेल, पाळीचा जोडीदार असेल किंवा डॉक्टर असेल. झोप उडाली, जगणं नको वाटू लागलं, स्वतःला इजा करावी असं मनात आलं, तर तो अध्यात्माचा टप्पा समजून एकट्यानं सोसायचा नाही. सरकारची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि मोफत चालते, आणि मराठीत बोलता येतं. गुरुचरित्राच्या पोथीशेजारी हा क्रमांक लिहून ठेवण्यात पोथीचा काही अपमान नाही.

टिळकांनी ख्रिस्ताच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' नावाचं महाकाव्य सुरू केलं होतं. मिशन, दरबार, माणसं, आजार या सगळ्यात ते मागे पडलं. ते वारले तेव्हा जेमतेम दहा-अकरा अध्याय लिहून झाले होते. ते हस्तलिखित लक्ष्मीबाईंनी हातात घेतलं. त्या कुठल्याही शाळेत गेल्या नव्हत्या, अक्षरओळख लग्नानंतरची. त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ साली त्या गेल्या तेव्हा शेवट राहिला होता. तो त्यांच्या मुलानं, देवदत्तांनी पुरा केला.